एल्फ डेक आणि धरमपेठची स्पर्धा: प्रकल्प नोंदी

१८ मे, रविवार

ठरलं. १३ जुलैला धरमपेठेतल्या दुकानात मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाची पॉपर स्पर्धा आहे. ती जिंकायची, आणि एल्फ डेकनेच जिंकायची. दुसऱ्या डेकने जिंकलो तर ते या वहीत धरायचं नाही.

नाव नोंदवताना दुकानवाला दादा म्हणाला, "का बे, पुन्हा एल्फच? अफिनिटी बांध ना लेका, पत्ते मी देतो." त्याचं खरं आहे. पण अफिनिटी, म्हणजे आर्टिफॅक्टच्या (वस्तूंच्या) पत्त्यांचा डेक, घेऊन जिंकलो तर अफिनिटी जिंकली असं होईल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एकदाच लिहून ठेवतो. पॉपर म्हणजे कॉमन दर्जात छापलेल्या पत्त्यांचाच खेळ. साठ पत्त्यांचा डेक, पंधराचा साइडबोर्ड (डावांच्या मध्ये बदलायचे जास्तीचे पत्ते), एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते, सुरुवातीला वीस लाइफ. मूळ खेळ १९९३ चा, रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या माणसाने काढलेला. पॉपर आधी इंटरनेटवर वाढला आणि २०१९ मध्ये कागदी पत्त्यांनाही तोच एक अधिकृत नियम लागू झाला. नागपुरात बाकीचे प्रकार येऊन-जाऊन असतात, पॉपर टिकला; कारण पगार झाल्यावर एका महिन्यात अख्खा डेक उभा करता येतो.

२१ मे

यादी. लॅनोवार एल्व्ह्ज आणि फिंडहॉर्न एल्व्ह्ज चार-चार. दोन्ही अगदी एकच काम करतात, टॅप केले (आडवे वळवले) की एक मना (पत्ते टाकायला लागणारी शक्ती) देतात, नावं वेगळी म्हणून आठ ठेवता येतात. क्विरिऑन रेंजर, बर्चलोर रेंजर्स, नेटल सेंटिनल, प्रीस्ट ऑफ टायटेनिया, टिंबरवॉच एल्फ, लिस अलाना हंटमास्टर, सगळे चार-चार. वेलविशर तीन. व्हिरिडियन लाँगबो एक. डेकच्या वरून क्रीचर (लढणारे पत्ते) हातात आणणारे लीड द स्टॅम्पीड चार, वाइंडिंग वे चार. लँड ग्रँट एक आणि फॉरेस्ट तेरा.

बेरीज अठ्ठावन्न. उरलेल्या दोन जागांवर काय, हा पहिला प्रश्न.

सुरुवातीच्या सात पत्त्यांत एकही लँड (मना देणारा जमिनीचा पत्ता, इथे फॉरेस्ट) नसण्याची शक्यता काढली. लँड ग्रँट धरून चौदा पत्ते असतील तर जवळजवळ चौदा टक्के. सोळा केले तर दहा टक्क्यांच्या आत. लँड ग्रँट डेकमधून एक फॉरेस्ट काढून देतो आणि हातात लँड नसताना फुकटात खेळता येतो, फक्त हात समोरच्याला दाखवावा लागतो. तो लपवण्यासारखा नसतोच. एल्फ खेळणारा काय करणार हे पहिल्या फॉरेस्टलाच कळतं. तर दोन्ही जागा लँड ग्रँटला. एकूण तीन, साठ पूर्ण.

दुसरा आकडा: पहिल्या सातांत लॅनोवार किंवा फिंडहॉर्न यातलं निदान एक असण्याची शक्यता पासष्ट टक्के. म्हणजे तीनातला एक हात मंद. मंद हात ठेवायचा की मलिगन घ्यायचा (हात परत करून नवा उचलायचा), यावरच पुढचे दोन महिने जाणार आहेत.

२५ मे, रविवार

दुकानात नुसता बसून राहिलो, खेळलो नाही. कोण काय आणतं ते टिपलं.

लाल डेक दोघांकडे. एक सीए करणारा मुलगा आणि एक बँकेतले काका. मार्चमध्ये कुल्दोथा रॅली या पत्त्यावर बंदी आल्यापासून दोघंही थोडे मंदावलेत, पण बर्न (थेट डॅमेज करणारे पत्ते) तो बर्नच. अफिनिटी एकाकडे, आणि तो शहरातला सगळ्यात नीट खेळणारा. निळा टेरर एक. काळा डेक एक, क्रिप्ट रॅट्सवाला (जितका काळा मना ओतला तितका सगळ्यांवर डॅमेज करणारा पत्ता). हा माणूस वाडीहून येतो आणि प्रत्येक वेळी उशिरा येतो. एक नववीतला पोरगा बोगल्स खेळतो, त्याचे बाबा बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघतात. बाकीचे येतात-जातात, त्यांचा नेम नाही.

इंटरनेटवरच्या याद्या वाचून साइडबोर्ड बनवणारे इथे हरतात, कारण त्या याद्या जगभराच्या सरासरीसाठी असतात. आपल्याला सरासरीशी खेळायचं नाही. हे सहा-सात चेहरे आहेत, ते महिनोन्‌महिने डेक बदलत नाहीत आणि त्यांच्या सवयीही बदलत नाहीत. पंधरा पत्ते या माणसांसाठी निवडायचे.

२ जून

कूलरने घोटाळा केला. चार हंटमास्टर फॉइलचे होते, चारही वाकले. पत्त्याचा कागद ओल शोषून फुगतो, वरचा चकचकीत थर फुगत नाही, म्हणून पत्ता चकचकीत बाजूकडे वाटीसारखा वळतो. दिवसभर खिडकीत कूलर आणि त्याच्या समोरच टेबल, दुसरं काय होणार? डेक आडवा धरून कडेने पाहिला तर हंटमास्टर कुठे आहेत ते शफल केल्यावरही ओळखू येत होते. स्पर्धेत हे चालत नाही, पत्ता ओळखू येतो म्हणून दंड होतो, आणि मुद्दाम केलंय असं वाटलं तर बाहेर काढतात.

फॉइल अल्बममध्ये. साधे चार हंटमास्टर दादाकडून घेतले. दिसायला वाईट, पण सपाट.

दादाच्या दुकानात एकाने हरकत घेतली की माझ्या दोन प्रीस्टवर चंदेरी खूण आहे, म्हणजे अनकॉमन, म्हणजे पॉपरला चालणार नाहीत. चालतात. पत्ता कधीतरी, कुठल्याही संचात कॉमन छापला गेला असेल तर त्याची कुठलीही आवृत्ती चालते, आणि प्रीस्ट १९९८ च्या अर्झाज सागामध्ये कॉमन होती. खुणेच्या रंगावर जाऊन तसाही उपयोग नाही. रंगीत खुणा आल्याच १९९८ मध्ये, एक्झोडसपासून. माझी १९९७ ची क्विरिऑन रेंजर काळ्या खुणेचीच आहे आणि त्या संचातले रेअर पत्तेही काळ्याच खुणेचे.

११ जून

सरावाला वहिनी. माझा मोठा भाऊ नागपूरबाहेर असतो, वहिनी शाळेला सुट्ट्या म्हणून घरी, आणि त्यांना रमीत आजवर घरातल्या कुणी हरवलेलं नाही. लाल डेक प्रिंट काढून बनवून दिला. नियम एका संध्याकाळी शिकल्या. "स्टॅक" एवढं एक दोनदा समजावून सांगावं लागलं: शेवटी टाकलेलं आधी घडतं.

वेलविशर आली की वहिनी ती लगेच जाळतात. बरोबरच आहे, एका टॅपला जितके एल्फ तितकं लाइफ मिळतं, ती दोन टर्न जगली की लाल डेक संपला. म्हणून नवा क्रम ठरवला: वेलविशर आधी नाही. आधी प्रीस्ट. लालवाल्याला प्रीस्ट जाळावीच लागते, नाहीतर पुढच्या टर्नला सहा-सात मना. त्याचा एक लाइटनिंग बोल्ट तिच्यावर गेला की मग वेलविशर.

वेदर द स्टॉर्मचीही तालीम झाली. त्या टर्नमध्ये आधी जितके स्पेल (मना देऊन टाकलेले पत्ते) पडले तितक्या जास्तीच्या प्रती, प्रत्येकी तीन लाइफ. वहिनींनी दोन स्पेल टाकले आणि मी दुसऱ्याच्या उत्तरात वेदर द स्टॉर्म टाकला: नऊ लाइफ. "हे काय भाऊजी, मीच तुम्हाला औषध दिलं की!" त्यांनी पत्ते टेबलावर टाकले आणि चहा ठेवायला गेल्या. लाल डेकसाठी चार वेदर द स्टॉर्म नक्की.

१५ जून, रविवार

पाऊस नाही, नुसता उकाडा. पण कूलर बंद केलाय.

टोकनचा प्रश्न. हंटमास्टर असताना एल्फ स्पेल टाकला की एक-एकचा (पहिला आकडा मारण्याचा, दुसरा टफनेस म्हणजे सोसण्याचा) एल्फ वॉरियर टोकन मिळतो, म्हणजे पत्ता नसलेला, खुणेने दाखवायचा क्रीचर. घरी चिंचोके वापरतो, वहिनींची कल्पना. स्पर्धेत चिंचोका टॅप झालाय की नाही हे कसं दाखवणार? जुन्या व्हिजिटिंग कार्डांचे तुकडे कापले, एका बाजूला बाण काढला. वीस पुरेत.

२८ जून, शनिवार

आजची नोंद लांब, कारण खरं काम आज झालं.

प्रश्न अफिनिटीचा. त्याच्याकडे क्रार्क-क्लॅन शमन आहे: एक आर्टिफॅक्ट बळी दिला की उडता न येणाऱ्या प्रत्येक क्रीचरला एक डॅमेज. मना लागत नाही. माझे बहुतेक एल्फ एक-एकचे, म्हणजे एका बळीत अख्खं टेबल साफ. स्पायडरसिल्क आर्मरने सगळ्यांची टफनेस एकने वाढते, म्हणजे दोन बळी द्यावे लागतात. दोन तो आनंदाने देईल. शमन स्वतःही पहिल्याच डॅमेजने मरतो, पण तो मरायच्या आधीच दुसरा बळी स्टॅकवर ठेवता येतो. याशिवाय त्याच्याकडे टॉक्झिन अ‍ॅनालिसिस आहे, एका काळ्या मनात शमनला डेथटच (एका डॅमेजनेही मारण्याची क्षमता) मिळतो, मग आर्मरचा काही उपयोग नाही, एक बळी आणि हंटमास्टरसकट सगळे गेले.

वहिनींना अफिनिटीचा प्रिंट दिला आणि आम्ही एकच परिस्थिती पुन्हा पुन्हा मांडून पाहिली. टेबलावर शमन, माझ्याकडे चौथा टर्न. सगळे एल्फ उतरवायचे का?

वहिनी म्हणाल्या, "रमीत मी सगळे सेट आधीच मांडून बसले असते तर जिंकले असते का? दोन पत्ते हातात ठेवा. मला खर्च करायला लावा, मग टाका."

ऐकायला सोपं आहे. पण एल्फ डेकची सगळी मजा आणि सगळी ताकद टेबलावर जास्तीत जास्त एल्फ असण्यात आहे. प्रीस्ट, टिंबरवॉच, वेलविशर, सगळ्यांचा आकडा त्यावरच. हात राखून खेळणं म्हणजे डेकच्या स्वभावाविरुद्ध. तरी करून पाहिलं, आणि नियम असा निघाला: टेबलावर सहा एल्फ झाले की थांबायचं. हातात लीड द स्टॅम्पीड आणि निदान दोन स्वस्त एल्फ राखायचे. सहा का? कारण सहा एल्फवर प्रीस्ट सहा मना देते, आणि तेवढ्यात हात रिकामा करून टेबल पुन्हा भरता येतं. पाच असतील तर कमी पडतं. सात-आठ केले तर मरणारेच वाढतात.

आणि शमनच्या मालकाला उत्तर द्यायला भाग पाडायचं ते तो टॅप आउट (सगळी लँड वापरून बसलेला) असताना. काळा मना नसेल तर टॉक्झिन अ‍ॅनालिसिस नाही, म्हणजे आर्मर पुन्हा कामाचं.

साइडबोर्ड यावरून ठरला. वेदर द स्टॉर्म चार, स्पायडरसिल्क आर्मर चार, मास्क्ड व्हँडल चार, फेरी मकाब्र तीन. व्हँडल माझा लाडका: चेंजलिंग (सगळ्या जमातींचा) असल्यामुळे तो एल्फही आहे, एक-तीन असल्यामुळे एका बळीत मरत नाही, आणि आल्या आल्या माझ्या ग्रेव्हयार्डमधलं (मेलेल्या-वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगातलं) एक क्रीचर हद्दपार करून समोरचा आर्टिफॅक्ट किंवा एन्चांटमेंट उडवतो. अफिनिटीवर चालतो, त्या नववीतल्या पोरावरही चालतो. बोगल्सच्या क्रीचरला हेक्सप्रूफ असतो (समोरच्याला त्यावर नेम धरता येत नाही), पण त्याच्या अंगावरच्या आर्माडिलो क्लोकला नसतो.

६ जुलै, रविवार

आषाढी. वहिनींचा उपास, माझा साबुदाणा. खिचडीच्या हाताने पत्त्यांना हात लावायचा नाही असा नियम त्यांनीच काढला, आणि पाळायला लावला.

निळ्या टेररविरुद्ध एवढंच ठरलं: काउंटरस्पेलसाठी (समोरच्याचा स्पेल रद्द करणारा पत्ता) हंटमास्टर आमिष, लीड द स्टॅम्पीड त्यानंतर. टोलेरियन टेरर पाच-पाचचा असला तरी एका टर्नला एकच टोकन खातो. खाऊ दे.

१२ जुलै, शनिवार

सगळ्या स्लीव्ह बदलल्या. डेकची लेखी यादी केली, दोनदा ताडली. पाऊस चांगलाच लागलाय, उद्या गाडी नाही, मेट्रोने शंकर नगर चौकापर्यंत.

१३ जुलै, रविवार

चौदा जण. चार फेऱ्या स्विस पद्धतीच्या (हरलं तरी बाद होत नाही), मग पहिले चार उपांत्य फेरीत. फेरीला पन्नास मिनिटं, तीनपैकी दोन डाव.

पहिली फेरी बोगल्सवाल्या पोराशी. २-१. तिसऱ्या डावात त्याने क्लोक लावला, व्हँडलने काढला. पोरगा म्हणाला, "काहून काका, हे तर माझ्यासाठीच ठेवलं होतं." होय, त्याच्यासाठीच ठेवलं होतं. फक्त "काका" जरा लागलं.

दुसरी फेरी क्रिप्ट रॅट्स. ०-२. दोन्ही डावांत त्याच्याकडे वेळेवर रॅट्स आणि पुरेशा स्वॅम्प (काळा मना देणाऱ्या लँड). हात राखून काही उपयोग झाला नाही, कारण त्याने माझे राखलेले पत्तेही हातातून काढायला लावले. उशिरा आला तो आला, वर पहिल्याच टेबलावर बसला.

तिसरी फेरी सीएवाला, लाल. २-०. प्रीस्ट आधी, वेलविशर नंतर. क्रम जसाच्या तसा चालला. दुसऱ्या डावाच्या शेवटी माझं लाइफ पन्नाशीच्या पुढे होतं आणि तो हातातले बर्न मोजून हसायला लागला.

चौथी फेरी एका नवीन मुलाशी, पांढरा डेक. २-०, पटकन.

नऊ गुण झाले आणि नऊवाले बरेच. मग प्रतिस्पर्ध्यांच्या जिंकण्याची टक्केवारी बघतात. रॅट्सवाला सगळ्या फेऱ्या जिंकला होता म्हणून माझा आकडा वर गेला. आपल्याला हरवणाऱ्याने पुढे सगळ्यांना हरवत राहावं असं मनापासून वाटायला लावणारी ही एकमेव पद्धत असावी. तिसरा आलो.

उपांत्य फेरीत निळा टेरर. २-१. हंटमास्टरवर काउंटरस्पेल गेला, लीड द स्टॅम्पीड बसला. पलीकडच्या टेबलावर अफिनिटीवाल्याने रॅट्सवाल्याला काढलं. ते ऐकून बरं वाटलं की वाईट, ठरवता आलं नाही.

अंतिम फेरी अफिनिटी. पहिला डाव त्याचा, दुसरा माझा.

तिसरा डाव. तो अकरा लाइफवर. त्याच्याकडे शमन, एक मिर एन्फोर्सर, एक फॅमिलिअर. मागच्या टर्नला दोन मोठे पत्ते उतरवताना सगळी लँड टॅप केलेली. माझ्याकडे स्पायडरसिल्क आर्मर, आणि एल्फ सहा: रेंजर, प्रीस्ट, टिंबरवॉच, हंटमास्टर, दोन टोकन. तीन फॉरेस्ट. हातात लीड द स्टॅम्पीड, बर्चलोर, वेलविशर. त्या टर्नची लँड अजून टाकली नव्हती.

तिन्ही फॉरेस्ट टॅप केले, तीन मना. प्रीस्ट टॅप केली, सहा. नऊ हातात. मग रेंजरने एक फॉरेस्ट हातात घेतलं, प्रीस्ट पुन्हा मोकळी करायला. ही क्षमता स्टॅकवर जाते, म्हणजे उत्तर द्यायचं तर इथेच. त्याने टेबलाकडे बघितलं. इथे थांबवलं नाही तर पंधरा मना होणार हे त्याला दिसत होतं. त्याने दोन आर्टिफॅक्ट बळी दिले, एक लँड आणि एक इकॉर वेलस्प्रिंग. रेंजर, प्रीस्ट, दोन्ही टोकन गेले. शमन गेला, फॅमिलिअरला उडता येतं म्हणून ते राहिलं. माझा हंटमास्टर आर्मरमुळे तीन-चार, टिंबरवॉच एक-तीन, दोघं उभे.

आणि नऊ मना तसेच, कारण फेज (टर्नचा तो टप्पा) संपलेली नव्हती.

उचललेलं फॉरेस्ट परत टाकलं, दहा. लीड द स्टॅम्पीड, सात राहिले. वरच्या पाचांतून प्रीस्ट, लॅनोवार आणि रेंजर मिळाले. प्रीस्ट दोन, लॅनोवार एक, रेंजर एक, बर्चलोर एक, वेलविशर दोन. शून्य. प्रत्येकामागे हंटमास्टरचा एक टोकन, पाच तुकडे बाण वर करून मांडले. आधी सहा होते, आता बारा.

मागे उभा असलेला दादा म्हणाला, "बाप्पा!"

अफिनिटीवाल्याच्या पुढच्या टर्नला दुसरा शमन आला नाही. मी हंटमास्टर आणि पाच टोकन हल्ल्याला पाठवले. त्याने दोन अडवले. अडवून झाल्यावर टिंबरवॉच टॅप केला, एका न अडवलेल्या टोकनला अधिक बारा. त्याने हात पुढे केला. "मांडलंस चांगलं. मला वाटलं तू सगळे उतरवूनच बसलायस."

बक्षीस म्हणजे दुकानातच खर्च करायची रक्कम आणि एक प्लेमॅट. त्यावर ड्रॅगन आहे, एल्फ नाही. खाली उतरून सगळ्यांनी तर्री पोहे खाल्ले, रॅट्सवाल्याने पैसे दिले. वहिनींना फोन केला तर पहिला प्रश्न, "हातात किती ठेवले होते?"

१५ जुलै

ऑगस्टची स्पर्धा जाहीर झाली. अफिनिटीवाल्याने माझी पूर्ण यादी मागितली, दिली. म्हणजे तो आता सहा एल्फ बघून थांबणार नाही, चारावरच शमन वापरेल.

रॅट्सवर अजून उत्तर नाही. काळा मना कमी पडेल इतक्या वेगाने जिंकावं लागेल, त्यासाठी नेटल सेंटिनल सगळे ठेवून एक वेलविशर बाहेर आणि चौथा लँड ग्रँट आत, असं करून पाहतो. बक्षिसाच्या पैशांतून वहिनींना लाल डेकचे खरे पत्ते घेतले. त्यांनी विचारलं, "ऑगस्टमध्ये मीही नाव दिलं तर चालेल ना?" दादाला सांगितलंय, आम्हा दोघांना पहिल्या फेरीत समोरासमोर आणू नको. तो म्हणाला जोड्या कॉम्प्युटर लावतो.